विटांचा गंडम उभा करताना

खेळण्यातील विटांनी घरे, आगगाड्या, जहाजे रचण्याचा पुरेसा सराव झालेल्या मनुष्याला एखाद्या दिवशी जपानी ॲनिमेतील महाकाय यंत्रमानव बांधण्याची इच्छा होते, आणि त्या क्षणापासून त्याचे आजवरचे बहुतेक ज्ञान अपुरे पडू लागते. घराचे ओझे सरळ जमिनीकडे उतरते, म्हणून विटेवर वीट ठेवीत गेले की घर उभे राहते; परंतु यंत्रमानव दोन अरुंद तळव्यांवर तोललेला असतो, त्याचे खांदे रुंद व कंबर बारीक असते, हात अधांतरी असतात, आणि इतके असूनही तो पाऊल उचलीत आहे, वळत आहे, शस्त्र रोखीत आहे असा भास पाहणाऱ्यास व्हावा, अशी आपली मागणी असते. ही मागणी पुरविता येते; त्यासाठी कामाचा रूढ क्रम तेवढा उलटा करावा लागतो. बहुतेक हौशी मंडळी मुखवट्यापासून आरंभ करतात, कारण मुखवटा लवकर आकारास येतो आणि मनाला उभारी देतो. माझे सांगणे असे की आरंभ घोट्यापासून करावा, आणि मुखवटा अगदी अखेरीस घ्यावा.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण हाती धरतो: गंडम, आणि त्यातही मूळचा पांढरा गंडम, ज्याची कथेतील दप्तरी नोंद ‘आरएक्स-७८-२’ अशी आहे. ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. तिचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, आणि तिच्यातील यंत्रांची रूपे कुनिओ ओकावारा यांनी रेखिली. कथेप्रमाणे या यंत्राची उंची १८ मीटर आणि रिकामे वजन ४३.४ टन. पांढरे अंग, निळी छाती, तांबडी कंबरपट्टी व पावले, कपाळावरील पिवळे शिंग ही जी रंगसंगती आज जगभर ओळखली जाते, तिच्या मागे खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाच्या आग्रहाचाही वाटा होता. म्हणजे खेळण्याच्या विटांत हे रूप इतके सहज बसते, याचे बीज मुळातच तेथे आहे. पांढरा, निळा, तांबडा व पिवळा हे चारही रंग लेगोच्या साठ्यात जुने आणि विपुल आहेत, हे बांधणाऱ्याचे भाग्यच म्हणावयाचे.

पहिली अडचण कागदावरच उभी राहते. ओकावारांची आकृती रेखाटनात जितकी निर्दोष भासते तितकी ती त्रिमितीत असेलच असे नाही, कारण चित्रकाराला प्रत्येक प्रसंगी मांडी किंचित लांब, खांदा किंचित वर, कंबर किंचित आत घेण्याची मुभा असते आणि प्रेक्षकाचा डोळा ती मुभा आनंदाने मान्य करतो. विटेला मात्र अशी मुभा नाही. समोरून काढलेल्या चित्रातील मांडीची रुंदी आणि बाजूने काढलेल्या चित्रातील तिची जाडी परस्परांशी जुळत नाहीत, असा अनुभव वारंवार येतो. यास्तव अनेक चित्रे गोळा करून त्यांची सरासरी काढण्याच्या भरीस पडू नये. एकच रूप निवडावे व अखेरपर्यंत त्याच्याशी इमान राखावे. माझ्या मते सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे बांदाई कंपनीच्या प्लास्टिक जुळणी-संचांपैकी एखादा १:१४४ प्रमाणाचा गंडम आणून तो प्रथम जुळविणे. अशा संचांची परंपरा १९८० पासूनची आहे, ते फार महाग नसतात, आणि मुख्य म्हणजे चित्राला त्रिमितीत आणण्याचा वाद त्यांच्या रचनाकारांनी आपल्या आधीच मिटविलेला असतो.

या निवडीत गणिताचीही एक मोठी सोय आहे. १८ मीटरचा गंडम १:१४४ प्रमाणात १२.५ सेंटीमीटर होतो. आपल्याला १:३० प्रमाणाचा, म्हणजे ६० सेंटीमीटर उंच पुतळा बांधावयाचा असेल, तर संचातील प्रत्येक माप ४.८ पट करावे लागते. आता लेगोच्या विटेची मापे पाहा: दोन लगतच्या स्टडांमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि प्लेटची जाडी विटेच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. संचातील १ सेंटीमीटर आपल्या पुतळ्यात ४.८ सेंटीमीटर होतो, आणि ४.८ सेंटीमीटर म्हणजे आडव्या दिशेने बरोबर ६ स्टड, तर उभ्या दिशेने बरोबर ५ विटा. कॅलिपर घेऊन छोट्या गंडमची मांडी मोजावी, सेंटीमीटरास सहाने गुणावे की स्टडांची संख्या हाती येते, पाचाने गुणावे की विटांची येते. १:३० या प्रमाणाची मी जी शिफारस करतो तिचे मोठे कारण हे आहे. संपूर्ण उंची ७५ स्टडांइतकी, अथवा साडेबासष्ट विटांइतकी भरते.

याहून मोठा पुतळा करावा असा मोह अनेकांना होतो, आणि वाढीव उंचीची जी किंमत सांध्यांना मोजावी लागते ती ध्यानी न आल्यामुळे पुष्कळ उत्तम आराखडे अर्धवट सोडून द्यावे लागतात. पुतळ्याची उंची दुप्पट केली की त्याच आकाराचे घनफळ, आणि म्हणून वजन, आठपट होते, ही गोष्ट शाळेतील विद्यार्थीही सांगेल. परंतु आडव्या धरलेल्या हाताने खांद्यावर जो पीळ पडतो तो केवळ वजनावर अवलंबून नसतो. वजन आणि ते वजन खांद्यापासून किती अंतरावर आहे ते अंतर, यांचा तो गुणाकार असतो. वजन आठपट, अंतर दुप्पट, म्हणून पीळ सोळापट. ३० सेंटीमीटरच्या पुतळ्यात जो सांधा निर्धास्तपणे हात पेलीत होता, त्याच सांध्यावर ६० सेंटीमीटरच्या पुतळ्यात सोळापट भार येतो, आणि सांधा मात्र पूर्वीइतकाच, त्याच कारखान्यातून त्याच साच्यातून निघालेला असतो. यावर पहिला उपाय पोकळपणाचा. चिलखताचे कवच तेवढ्याच जाडीचे ठेवून आतील भाग रिता सोडला, तर वजन आठपट न होता चौपटीच्या आसपास राहते आणि पीळ सोळावरून आठपटीवर येतो. ही सूट एवढी मोठी आहे की मोठ्या यंत्रमानवाचे हात, खांदे आणि पाठीवरील पेटारा यांत भरीव वीट वापरणे हा मी अपव्ययच समजतो. नेहमीची दोन बाय चार स्टडांची वीट सुमारे २.३ ग्रॅमची असते. चार किलोंचा पुतळा म्हणजे वजनाने अशा सतराशेंहून अधिक विटा झाल्या, आणि हे सगळे ओझे अखेर दोन घोट्यांतून खाली उतरते.

तेव्हा प्रथम सांगाडा. पेशवाईतील वाड्यात ज्याप्रमाणे भार लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पेलतो आणि मधल्या भिंती केवळ भराव म्हणून उभ्या असतात, त्याप्रमाणे यंत्रमानवाच्या आत टेक्निक प्रकारच्या भागांचा एक स्वतंत्र सांगाडा असावा आणि बाहेरचे चिलखत त्याच्यावर टांगलेले असावे. लेगोने टेक्निकचे भाग १९७७ पासून बाजारात आणले. त्यांच्या तुळयांना ८ मिलिमीटरांच्या अंतराने भोके असतात व ती पिनांनी जोडली जातात. केवळ स्टडांनी जुळलेला उभा खांब ओढला असता सुटतो, वाकविला असता उमलतो. तोच खांब बाजूने उभ्या तुळईने बांधून टाकला की तो उमलण्याची शक्यता संपते. अशी उभी तुळई आडव्या थरांशी जुळावी म्हणून एक प्रमाण पाठ असावे: भोकांची टेक्निक वीट, तिच्यावर दोन प्लेटा आणि पुन्हा भोकांची वीट, अशी रचना केली असता दोन्ही विटांतील भोकांचे अंतर ९.६ अधिक ६.४, म्हणजे १६ मिलिमीटर होते, जे तुळईच्या दोन भोकांच्या अंतराशी तंतोतंत जुळते. मांडी व पोटरी यांच्या आत हे बंधन चारही बाजूंनी घालावे. येथे काटकसर करणाऱ्याला पुढे चिलखत उतरवून दुरुस्ती करावी लागते, आणि ती दुरुस्ती नव्या बांधकामाहून त्रासाची असते.

आता सांध्यांचा विषय. येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण यंत्रमानव उभा राहतो अथवा कोसळतो तो सांध्यांत.

लेगोच्या साठ्यात सांधे मुख्यतः तीन जातींचे आहेत. घर्षणावर टिकणारे सांधे, ज्यांत बॉल जॉइंट व घट्ट पिना येतात. दातांवर टिकणारे सांधे, जे ठराविक पायऱ्यांनी ‘कट्’ असा आवाज करीत फिरतात. आणि दातेरी चाकांवर टिकणारे सांधे, ज्यांत वर्म गिअरचा मान पहिला. बॉल जॉइंट कोणत्याही दिशेला वळतो म्हणून नवशिक्याला तो फार प्रिय असतो. परंतु घर्षण हे झिजणारे धन आहे. सांधा वारंवार फिरविल्याने, आणि ओझ्याखाली प्लास्टिक महिनोन् महिने हळूहळू दबत राहिल्यानेही, त्याची पकड सैल होते. मोठ्या पुतळ्यात बॉल जॉइंटची जागा मान, मनगट आणि फार तर बोटे एवढ्यापुरतीच असावी.

नितंब, गुडघा आणि घोटा यांसाठी दातांचे सांधे घ्यावेत, आणि तिन्ही ठिकाणी एकाच जातीचे घ्यावेत. या अखेरच्या अटीचे कारण सांगतो. बिजागरीवजा क्लिक सांधा २२.५ अंशांच्या पायऱ्यांनी फिरतो. मांडी एक पायरी पुढे घेतली, गुडघा दोन पायऱ्या मागे दुमडला आणि घोटा एक पायरी पुढे वळविला, तर तिघांची बेरीज शून्य होते व तळवा जमिनीशी बरोबर समांतर राहतो. पायऱ्यांचे सांधे फार ठसठशीत, त्यांत सूक्ष्म हालचाल साधत नाही, असा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. पण पायांच्या बाबतीत हाच ठसठशीतपणा उपकारक आहे, कारण तळवा एक-दोन अंशांनी तिरपा बसण्याचा संभवच त्यामुळे उरत नाही. तीन सांधे तीन निरनिराळ्या जातींचे घेतले की ही बेरीज कधी जुळत नाही, आणि पुतळा टाचेवर किंवा चवड्यावर डुलत राहतो. एका सांध्याची ताकद अपुरी वाटल्यास तोच सांधा दोन किंवा तीनदा शेजारी शेजारी, एकाच अक्षावर बसवावा. प्रत्येकाच्या दातांची भर पडते. नितंबाशी मी दोनाहून कमी कधी सुचविणार नाही.

पुढे-मागे होणाऱ्या हालचालीइतकेच महत्त्व बाजूच्या हालचालीला आहे, आणि त्याचा विसर मात्र सर्वत्र पडतो. गंडमचा ओळखीचा पवित्रा पाय फाकवून उभे राहण्याचा आहे. पाय नितंबातून बाहेर फाकले की तळव्याची आतली कड उचलली जाते, अथवा सारा भार तिच्यावर येतो. म्हणून नितंब जितके अंश बाहेर जाते तितकेच अंश घोट्याने आत वळले पाहिजे. या वळणासाठी घोट्यात दुसरा, पहिल्याला काटकोनात असलेला अक्ष ठेवावा. जागा अपुरी असेल आणि पुतळा एकाच पवित्र्यात ठेवावयाचा असेल, तर हा कोन कायमचा बांधून टाकण्यात काहीही कमीपणा नाही. किंबहुना प्रथमच बांधणाऱ्याने पायांचा पवित्रा कायम ठेवावा, कंबरेच्या वरचा भाग तेवढा हलता ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवितो. योकोहामाच्या बंदरावर २०२० च्या डिसेंबरात १८ मीटर उंचीचा जो हलता गंडम लोकांसाठी खुला झाला आणि २०२४ च्या मार्चअखेरपर्यंत दाखविला गेला, त्याचे वजन सुमारे २५ टन होते, आणि तो पाऊल उचलीत असला तरी त्याचा भार कमरेमागील एका आधारयंत्राने तोलून धरलेला होता. ज्यांच्या हाताशी पोलाद, मोटारी आणि अभियंत्यांचा ताफा होता त्यांनीही दोन घोट्यांवर सगळी भिस्त ठेविली नाही. आपण पाठीमागून एक पारदर्शक अथवा काळा टेकू दिला, तर पुतळ्याच्या प्रतिष्ठेला बाध येतो असे मानण्याचे कारण नाही.

कंबर आणि खांदा येथे वर्म गिअर घालावा. वर्म गिअरच्या एका फेऱ्यात समोरच्या चाकाचा एकच दात सरकतो, म्हणून २४ दातांचे चाक पुरते फिरविण्यास चोवीस फेरे लागतात. आणि विशेष असा की चाकावर कितीही ओझे आले तरी ते वर्मला उलट फिरवू शकत नाही. आपण पाठीतील एक छोटी कळ फिरवावी, धड इच्छित कोनात यावे, व हात सोडताच तेथेच अचल राहावे, असा हा बंदोबस्त आहे. फक्त एक खबरदारी घ्यावी. भार आला की वर्म आपल्या ॲक्सलवरून घसरू पाहतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बुश बसवून त्यास जागीच जखडावे. आणि चाक व वर्म यांना आवळून धरणारी चौकट दोन्ही बाजूंनी बंद असावी, नाहीतर ओझ्याखाली ती फाकते व दात सुटतात.

सांगाडा तयार झाला म्हणजे चिलखताचा विचार मनात येण्यापूर्वीच त्याची परीक्षा घ्यावी. धडाचे व हातांचे जे वजन अंदाजपत्रकात धरले असेल, तेवढ्या विटा कापडी पिशव्यांत भरून त्या सांगाड्याच्या खांद्यांशी व छातीशी बांधाव्यात, पवित्रा घ्यावा, आणि रात्रभर तसाच सोडावा. सकाळी गुडघा एक पायरी घसरलेला आढळला, तर दोष नेमका कोठे आहे ते चिलखत न उतरविता कळते. याच वेळी गुरुत्वमध्याचीही रुजवात करून घ्यावी: पुतळ्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा दोन्ही तळव्यांनी व्यापलेल्या क्षेत्राच्या मध्याजवळ पडला पाहिजे, कडेशी पडला तर टेबलास लागलेला साधा धक्काही पुरतो. गंडमच्या उजव्या हाती बंदूक, डाव्या हाती ढाल आणि पाठीवर दोन खड्गांच्या मुठी बसविलेला पेटारा असतो. पेटारा मागे ओढतो आणि पुढे रोखलेली बंदूक पुढे ओढते, म्हणून दोहोंचे वजन परस्परांस तोलील असे आधीच योजावे. तळव्यांत मात्र हवे तितके भरीव वजन घालण्यास हरकत नाही, कारण जमिनीलगतचे वजन कोणत्याही सांध्यास पडत नाही. बंदूक मुठीत धरावयाची ती तिच्या स्वतःच्या तोलबिंदूशी धरावी, आणि कोपर किंचित वाकलेले ठेवावे. समजा, शस्त्रासह हात ५०० ग्रॅमचा आहे. त्याचे वजन खांद्यापासून १२ सेंटीमीटरांवर एकवटलेले असेल व कोपर वाकविल्याने ते अंतर ८ वर आले, तर खांद्यावरचा भार एक तृतीयांशाने उतरतो, आणि पवित्राही अधिक जिवंत दिसतो.

चिलखताचे काम सांगाड्याच्या मानाने सुखाचे आहे. येथे विटेला केवळ वरच्या दिशेने रचण्याची सवय सोडावी लागते. गंडमच्या पोटरीचा पुढचा उतार, छातीवरील पिवळ्या झडपा, कमरेभोवतीचे लोंबते पट्ट हे सारे आडव्या बांधणीने, म्हणजे स्टड बाजूला वळवून, करावेत. ब्रॅकेट आणि बाजूला स्टड असलेल्या विटा यांच्या साहाय्याने हे साधते, आणि येथेही एक प्रमाण उपयोगी पडते: पाच प्लेटांची जाडी १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टडांइतकी. हे समीकरण लक्षात ठेवणाऱ्यास उभी व आडवी बांधणी फटी न ठेवता एकमेकींत गुंतविता येते. चिलखताचा प्रत्येक पट्टा सांगाड्यास दोन, फार तर तीन ठिकाणी अडकवावा, आणि तो एका हाताने ओढून काढता येईल असा असावा. सांध्यांपाशी पट्ट्यांत दोन प्लेटांएवढी मोकळीक ठेवावी. एखादी फट दिसली तरी चालेल, कारण यंत्राच्या अंगावर फट शोभते, परंतु गुडघा वाकताना पट्टा पट्ट्यास अडला तर सांध्याच्या दातांवर नाहक ताण येतो. मांडी समोरून पूर्ण सरळ न ठेवता किंचित आत कललेली बांधली, तर ओकावारांच्या आकृतीतील तो ताठ परंतु सावध भाव आपोआप उतरतो. पृष्ठभाग सगळा टाइलांनी गुळगुळीत करावा की काही स्टड दिसू द्यावेत, यावर मतभेद आहेत; छाती व ढाल गुळगुळीत असावी आणि इतरत्र थोडे स्टड राहू द्यावेत, असे माझे मत आहे, कारण वस्तू कशाची केली आहे हे लपविण्यात मला काही भूषण वाटत नाही.

मुखवट्याविषयी एवढेच सांगतो की त्याचा एक कच्चा नमुना आराखड्याच्या वेळीच करून पाहावा, कारण डोळ्यांची तिरपी खाच आणि हनुवटीचा तांबडा तुकडा ठरलेल्या मापात बसत नसेल तर सगळे प्रमाण बदलण्याची वेळ तीच असते. पक्का मुखवटा मात्र शेवटी. पिवळे शिंग जाड विटांचे केल्यास मुकुटासारखे दिसते. त्यास पातळ, टोकाकडे निमुळते होत जाणारे भाग लागतात, आणि ते भाग पिवळ्या रंगात मिळतात की नाही, याची चौकशी आधीच करावी.

या चौकशीवरून साहित्याच्या तरतुदीचा प्रश्न येतो. आराखडा संगणकावर करावा. विटांचे संगणकीय आराखडे काढण्याची एक खुली पद्धती ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन याने १९९५ साली ‘एलड्रॉ’ या नावाने सुरू केली व आजच्या अनेक साधनांच्या मुळाशी तिची भागसूची आहे. सध्या ब्रिकलिंकचे ‘स्टुडिओ’ हे विनामूल्य साधन बहुतेकांना पुरेसे होते. ते प्रत्येक भाग कोणत्या रंगात खरोखर निघाला आहे हे सांगते आणि शेवटी लागणाऱ्या भागांची यादी काढून देते. मात्र पडद्यावरील वीट वजनाने वाकत नाही, म्हणून सांगाडा आधी हातात व चिलखत मग पडद्यावर, हा क्रम मोडू नये. यादी हाती आल्यावर तिच्या तीन वाटण्या कराव्यात: सांगाड्यातील जे भाग बाहेरून दिसत नाहीत ते कोणत्याही रंगाचे व जुने चालतील, दर्शनी पांढरे भाग मात्र नवे घ्यावेत, कारण जुनी पांढरी वीट उन्हाने पिवळसर पडलेली असण्याचा संभव असतो, आणि सांध्यांचे भाग नवे व गरजेपेक्षा अधिक घ्यावेत. करडा रंग घेताना त्याची छटा नक्की करावी, कारण लेगोने २००४ च्या सुमारास आपले करडे रंग बदलले आणि जुनी व नवी छटा शेजारी आली की डाग पडल्यासारखी दिसते. भारतातून मागणी करताना टपालहशील आणि जकात यांचा हिशेब भागांच्या किमतीइतकाच गांभीर्याने मांडावा. अनेक दुकानांकडून थोडे थोडे मागविण्यापेक्षा दोनतीन दुकानांकडून एकदम मागविणे बहुधा स्वस्त पडते, आणि त्यासाठी आराखड्यात एखाद्या दुर्मीळ भागाऐवजी दुसरा सामान्य भाग घेण्याची तयारी असावी. स्वस्त नकली विटा चिलखताच्या आतील भरावास क्वचित चालतील. त्यांची पकड एकसारखी नसते, म्हणून सांगाड्यात त्यांना प्रवेश देऊ नये.

गोंदाविषयी विचारणा होते म्हणून स्पष्ट लिहितो: गोंद लावू नये. सार्वजनिक प्रदर्शनातील प्रचंड पुतळे चिकटवितात, कारण त्यांना गर्दीचे हात सोसावे लागतात. पण घरातील पुतळ्यास ती गरज नाही. लेगोने १९५८ साली ज्या जोडणीचे एकस्व घेतले, त्या जोडणीतली वीट आजच्या विटेशी जुळते, ही त्या वस्तूची सर्वांत मोठी थोरवी आहे, आणि गोंदाचा एक थेंब ती कायमची घालवितो. जेथे गोंदाची गरज भासते तेथे बहुधा सांगाड्यात एक तुळई कमी असते.

ज्यांना गंडमची तीक्ष्ण रेषा कठीण वाटेल त्यांनी आधी गो नागाई यांचा १९७२ चा ‘माझिंगर झेड’ घ्यावा. तोही १८ मीटरांचाच आहे, त्याचे हातपाय नळकांड्यांसारखे साधे आहेत, आणि वरील सर्व गणित त्यास जसेच्या तसे लागू पडते. उलट ‘मॅक्रॉस’मधील विमानाचा यंत्रमानव होणारी वाल्किरी कितीही मोहक असली तरी ती पहिल्या प्रयत्नास घेऊ नये. तिचे रचनाकार शोजी कावामोरी रूपांतराच्या युक्त्या पारखण्यासाठी स्वतः लेगोच्या विटा वापरीत आले आहेत, म्हणून तिचे रूपांतर विटांत अशक्य नाही हे उघड आहे. परंतु रूपांतर होणाऱ्या पुतळ्यात प्रत्येक सांध्याला दोन मालकांची चाकरी करावी लागते, आणि मोठ्या आकारात ती झेपत नाही. लेगोने २०१८ मध्ये काढलेला २,३२१ भागांचा व्होल्ट्रॉनचा संच पाच सिंह जोडून उभा राहतो व सुमारे ४० सेंटीमीटर उंच होतो. एकत्र जुळणारे भाग परस्परांस कसे कुलूपबंद करावेत हे शिकण्यासाठी तो एकदा बांधून पाहण्यासारखा आहे.

पुतळा पुरा झाल्यावर तो हलविण्याची वेळ केव्हातरी येतेच, म्हणून आरंभापासूनच त्याचे सात खंड कल्पावेत: दोन पाय, कंबर, धड, दोन हात आणि डोके. प्रत्येक खंड दुसऱ्यापासून दोन लांब पिना अथवा एक ॲक्सल काढताच सुटा व्हावा, आणि त्या पिना बाहेरून दिसतील अशा, शेजारच्या रंगाहून वेगळ्या रंगाच्या असाव्यात, म्हणजे उचलणारा मनुष्य नवखा असला तरी चुकणार नाही. पुतळा अखंड उचलावयाचाच झाला तर एक हात नितंबांखाली आणि दुसरा पाठीच्या पेटाऱ्याखाली सांगाड्यास धरून उचलावा. खांदे किंवा ढाल धरून कदापि नाही. जागा खिडकीपासून दूर, थेट उन्हाबाहेरची असावी. धूळ मऊ कुंचल्याने वरून खाली झाडावी, पाण्याने धुण्याची वेळ आल्यास चिलखताचे पट्टे तेवढे काढून कोमट पाण्यात धुवावेत व सावलीत वाळवावेत. आणि त्याच वेळी, पट्टे उतरलेले असतानाच, गुडघ्यांचे व घोट्यांचे सांधे हाताने चाचपून जे सैल झाले असतील ते राखून ठेविलेल्या नव्या भागांनी बदलून टाकावेत.